मागे डावीकडे कोण बसलंय?

जळगावात राहून सनरूफवाली गाडी घेणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो, नाहीतर फार बावळट. मी श्रीमंत नाही.

आमच्याकडे सूर्याला आत घ्यायला टपाला काच लावावी लागत नाही. तो होळी झाली की न बोलावता येतो आणि मृग लागेपर्यंत हलत नाही. एप्रिलात आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत दुपारचं कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. शोरूममध्ये गेलो तोही साधं मॉडेल घ्यायचं ठरवूनच. पण तिथे मोईज नावाचा सेल्समन होता. त्याने चहाच्या आधी माठातलं गार पाणी दिलं आणि मी तिथेच अर्धा विरघळलो.

"साहेब, एक पायरी वर गेलात तर सनरूफ मिळतंय," तो म्हणाला.

"त्याचा उपयोग काय?"

"आकाश दिसतं."

"आकाश मला गच्चीवरूनही दिसतं."

"पण साहेब, बसल्या बसल्या?"

मी एक पायरी वर गेलो. (आमच्या कचेरीतल्या वना महाजनाच्या गाडीला सनरूफ नाही, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. भूमिकाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. ती दर वेळी "हो का" म्हणाली.)

सनरूफबरोबर इतरही बरंच काही आलं. गाडी हिंदीत बोलते. चालकाचे डोळे मिटायला लागले की ती त्याला विश्रांती घ्यायला सांगते. सीटवर कोणी बसलं आणि बेल्ट लावला नाही तर ओरडते. मागच्या सीटवरच्या माणसाने तरीही ऐकलं नाही, तर आतल्या कॅमेऱ्याने आवाजासकट व्हिडिओ काढून मालकाच्या मोबाईलवर पाठवते.

"मालक तर मीच," मी म्हणालो. "मी गाडीतच असणार. मला कशाला पाठवते?"

"साहेब, उद्या ड्रायव्हर ठेवलात तर?" मोईज म्हणाला.

कोणीतरी मला ड्रायव्हर ठेवणारा माणूस समजलं, याने मी इतका सुखावलो की पुढचं काही विचारलंच नाही. गाडीचं अ‍ॅप मात्र माझ्या मोबाईलवर उतरेना. कचेरीच्या ग्रुपवरच्या शुभ सकाळींनी तो गळ्यापर्यंत भरला होता. मग मोईजने ते भूमिकाच्या मोबाईलवर टाकलं.

"तेवढ्यापुरतं," मी म्हणालो.

गाडी दारात आल्यावर आमच्या मायने तिला हळद-कुंकू वाहिलं, मग तिच्याभोवती एक फेरी मारून आत बसली आणि वर बघत राहिली. माय माहेरची साक्रीकडची. जळगावात तिचा जन्म गेला, पण बोली तिने बदलली नाही.

"ऊन मधमा येस का?" तिने विचारलं.

"हो, पडदा सरकवला की काचेतून येतं."

"आनि धूय?"

"छे! धुळीचा कण येत नाही."

"कावळा?"

"कावळा कसा येईल, माय? काच आहे."

माय समाधानाने मान हलवत उतरली. या वयात म्हातारीला तंत्रज्ञानाची इतकी आवड असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ते कचेरीत दोघातिघांना सांगितलंही.

आता गाडी घेतली कशासाठी, तेही सांगायला हवं. (वना महाजन हे कारण नाही.) कारण होती आखाजी.

बाहेरचे लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस खातात आणि भावजयांच्या स्वयंपाकातल्या चुका काढतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि मग सगळे जेवतात. पण लेक आपली आपण उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा मुराळी जावा लागतो.

माझी थोरली बहीण दिपमाला, आमची अक्का, धुळ्याला असते. तिचे मुराळी म्हणजे आमचे वडील, पंडितनाना. पांढरं धोतर, टोपी, काखेत एरंडोलला घेतलेलं डांगर, असे नाना दर आखाजीला एसटीने धुळ्याला जायचे आणि अक्काला घेऊन यायचे. पुढे त्यांचे पाय दुखायला लागले तेव्हा शेजारच्या जीपमधून जायचे. मागे डावीकडे, खिडकीशी, टोपी मांडीवर ठेवून बसायचे. नाना गेले आणि अक्काने आखाजीला येणंच सोडलं. मी फोन केला की म्हणायची, "बघू." आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे नाही.

"नाना होते तोवर माहेर होतं," असंही एकदा म्हणाली. माझं तोंड मोबाईलच्या या टोकाला असल्यामुळे तिला दिसलं नाही, ते बरंच झालं.

यंदा गुढीपाडव्यालाच मायने जाहीर केलं की दिपू आली नाही तर ती नानांची घागर भरणार नाही. भांडून नाही, अगदी शांतपणे, गूळ किसता किसता. पोटची पोर दारात नसताना नवऱ्याला पाणी पाजायला आपल्याच्याने होणार नाही, म्हणाली. मी जागच्या जागी घाबरलो. नाना म्हणजे असा माणूस की बाहेरून आल्यावर तांब्या समोर यायला जरा उशीर झाला तर सगळ्या गल्लीला कळायचं. त्यांना वर पाण्याविना ठेवायचं? आणि मुळात मायने असं काही बोलावं, हेच मला सहन होईना. म्हणून ठरलं. नवी गाडी घेऊन मी स्वतः मुराळी जायचं आणि अक्काला मानाने आणायचं.

आखाजीच्या आठवडाभर आधी गाडी बिघडली.

झालं असं की संध्याकाळी मी मायला मेहरूण तलावावर हवा खायला घेऊन निघालो. माय माझ्या शेजारी बसली होती, बेल्ट लावून. मागे कोणी नव्हतं. कॉलनीच्या बाहेर पडलो आणि गाडी टुंग-टुंग करायला लागली.

"पीछे बाएँ यात्री, कृपया सीट बेल्ट लगाएँ," ती म्हणाली.

मी मागे पाहिलं. सीट मोकळी होती.

"काय म्हनी ऱ्हायनी ती?" मायने विचारलं.

"काही नाही. मागे डावीकडे कोणीतरी बसलंय म्हणते. सेन्सर बिघडला असेल."

मायने मागे वळून पाहिलं. मग समोर बघत म्हणाली, "तुन्हा नाना तठेच बसेत."

गाडी तेव्हा गटारीत जायची ती थोडक्यात वाचली.

मी विज्ञान मानणारा माणूस आहे. (दहावीला मला विज्ञानात बरे मार्क होते. गणिताचं विचारू नका.) घरी आल्यावर मी भूमिकाला बाजूला घेऊन म्हणालो, "मायच्या डोक्यात काहीतरी भलतंच शिरलंय. तिला नीट समजावून सांग, सीटखाली सेन्सर असतो वगैरे."

एरवी भूमिका माझं पहिलं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ देत नाही. त्या दिवशी तिने मान खाली घातली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "जाऊ द्या ना. असतीलही नाना. आपल्याला काय कळतं?"

बायको इतक्या पटकन सासूच्या बाजूची झाली, हा प्रकार आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मला आला गहिवर.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जाण्याआधी सहज गाडीत बसलो तर आत एक वास. ओळखीचा, पण कुठला ते कळेना. खिडक्या उघडून पाहिल्या, गेला नाही. कचेरीत फाइल उघडली आणि एकदम आठवलं. लसूण, जिरं आणि किंचित आंबूस ज्वारी. बिबड्यांचा वास! बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. नानांचा जीव की प्राण. जेवणात नुसती भाजलेली बिबडी आणि कच्चं तेल असलं तरी ते भाजीबद्दल तक्रार करत नसत. माझ्या हातावर काटा आला. मी वना महाजनाकडे पाहिलं. तो जांभई देत होता. त्याच्या गाडीत असलं काही होत नसणार.

तरीही मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, कारण विज्ञान. तिथे तौसिफ नावाचा पांढऱ्या शर्टातला अ‍ॅडव्हायझर होता. त्याने टॅबवर काहीबाही दाबलं, मागच्या डाव्या सीटवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"सर, मी बसलो तरी दाखवतंय, उठलो तरी दाखवतंय," तो म्हणाला. "सेन्सर मागवायला लागेल. आखाजीनंतर येईल. तोपर्यंत तो बेल्ट नुसता लावून ठेवा, आवाज येणार नाही."

"रिकाम्या सीटला बेल्ट? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे दिसतंय सर, काचा काळपट आहेत." मग त्याने सीटच्या खाचेत बोट घातलं आणि काहीतरी बाहेर काढलं. पांढरट, पातळ, कुरकुरीत असा एक तुकडा होता. "सर, मागे कोणी काही खाल्लं होतं का?"

मी तो तुकडा हातात घेतला. बिबडी होती.

"या गाडीत अजून कोणी काही खाल्लेलं नाही," मी म्हणालो. आणि मी तिथल्याच एका टायरवर बसलो.

तौसिफने माझ्यासाठी पाणी मागवलं.

विज्ञान तिथेच संपलं. मी तो तुकडा रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी धुळ्याला निघालो. भूमिका येणार होती, पण ऐनवेळी तिला आणि मायला घरात फार कामं निघाली. "मुराळी एकटाच जातो," मायने निकाल दिला. मी टोपी घातली. (नानांची. मला ती कानांपर्यंत येते.)

पाळधी गेलं तसा गाडीने सूर लावला. पीछे बाएँ यात्री. तौसिफने सांगितलेलं मला आठवत होतं, पण हात धजेना. बापाला मुलाने बांधून ठेवायचं का? मी आरशात पाहिलं. सीटवर खिडकीतून उन्हाचा चौकोन पडला होता.

"नाना, बेल्ट लावा ना," माझ्या तोंडून गेलं.

एकदा तोंड उघडलं की माझं बंद होत नाही, हे कचेरीत सर्वांना माहीत आहे. शिवाय नाना जिवंतपणीही फार बोलत नसत, त्यामुळे काही फरक वाटत नव्हता.

"दाजींकडे चाललोय," मी म्हणालो. "छगनदाजी माणूस सोन्यासारखा आहे, पण एकदा त्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर आला की आपले गुडघे ठणकायला लागतात. मागच्या दिवाळीला मी संडासला जातो म्हणून उठलो आणि गल्लीत जाऊन उभा राहिलो. तुम्ही कसं ऐकून घेत होतात हो?"

टुंग-टुंग.

"आणि भूमिकाचं भरीत. तुम्ही होतात तेव्हा 'छान झालंय' असं तुम्ही म्हणायचात. आता ते मला म्हणावं लागतं. तिला कोणीतरी सांगायला पाहिजे की भरताला मिरची लागते, आणि वांगंसुद्धा लागतं."

टुंग-टुंग.

एरंडोलला थांबून डांगर घेतलं. नाना घ्यायचे तसं, देठाशी हुंगून. मला वासातलं काही कळत नाही, पण विकणाऱ्या बाईने टोपीकडे पाहून भाव कमी केला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली, पुन्हा ती ओरडायला लागली, आणि मला काय झालं कोणास ठाऊक.

"नाना, अक्का येणार नाही हो," मी म्हणालो. "ती बघू म्हणेल. आणि ती नाही आली तर माय तुमची घागर भरणार नाही. एवढ्या उन्हात तुम्हाला पाणी नाही. मी काय करू? ती माझं ऐकत नाही, तुमचंच ऐकायची. मी पण तुमचंच ऐकत होतो. आता घरात सगळे मला विचारतात, आणि मला काही येत नाही, नाना. गाडीसुद्धा धड घेता आली नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अरे गधड्या, टपाला भोक पाडून घेतं का कोणी?"

पुढचा रस्ता मला नीट दिसेना. उन्हामुळे असेल.

"आप थके हुए लग रहे हैं," गाडी म्हणाली. "कृपया विश्राम करें."

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर मी विश्राम केला. तोंडावर पाणी मारलं, मागचं दार उघडलं आणि डावीकडचा बेल्ट ओढून हळूच लावला. खाटेवर बसलेला एक ट्रकवाला बघत होता.

"कोण आहे मागे?" त्याने विचारलं.

"वडील," मी म्हणालो.

त्याने वाकून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाट उचलून दुसऱ्या झाडाखाली नेली.

धुळ्यात दाजींच्या दारात गाडी उभी केली. मी रस्ताभर भाषण जुळवलं होतं. "अक्का, हे बघ, नाना नसले तरी" इथपर्यंत ते पाठ होतं, पुढचं येत नव्हतं. दार वाजवायला हात उचलला तर दार उघडंच होतं आणि अक्का ओट्यावर उभी होती. नवी साडी, हातात बॅग, डोळे लाल.

"चल," ती म्हणाली.

"अगं, पाणी तरी?"

"पाणी पी आणि चल."

दाजी आत खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी "सुखी राहा" म्हटलं आणि गप्प बसले. गुडघ्याचा गु काढला नाही. मी पाणी प्यालो, बशीतला लाडू खाल्ला, तरी गप्प. चमत्कारच तो! मी मनातल्या मनात नानांना हात जोडले.

अक्काने गाडीचं मागचं दार उघडलं. डाव्या सीटला लावलेला बेल्ट तिला दिसला. ती वळसा घालून उजवीकडून आत बसली आणि डांगर दोघांच्या मधे ठेवलं.

"चला, नाना," ती म्हणाली.

मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. तशी ती आपोआपच येते.

आखाजीला मायने घागर भरली. मातीची नवी घागर, वर एरंडोलचं डांगर, बाजूला पुरणपोळी आणि रसाची वाटी. पाणी घालताना अक्काने तिचा हात धरला होता. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. दाजीही रस खायला म्हणून सकाळच्या एसटीने आले होते. पंगत बसली. मी दुसरी पोळी रसात बुडवली तेवढ्यात दाजी पहिल्यांदा बोलले.

"रुपचंद, गुडघ्याबद्दल थोडं बोललो तर चालेल का? की तुझे ठणकतील?"

माझा घास तोंडातच राहिला.

"संडासला जायचं असेल तर जाऊन ये," दाजी म्हणाले. "गल्लीत ऊन आहे, टोपी घे."

स्वयंपाकघरातून भूमिका बाहेर आली. तिने माझ्या पानात भरताचा एक डोंगर वाढला. "आज वांगं घातलंय हं," ती म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

मग मला तो मोबाईल दाखवण्यात आला. गाडीने आपलं कर्तव्य चोख बजावलं होतं. मागच्या यात्रीने बेल्ट लावला नाही म्हणून पाळधीपासून पारोळ्यापर्यंत एकामागून एक व्हिडिओ मालकाला पाठवले होते. मालक म्हणजे भूमिका. तिने ते मायला दाखवले आणि अक्काला पाठवले. मी एरंडोल सोडायच्या आत धुळ्यात दाजींचं सगळं घर मला बघत होतं. पडद्यावर नानांची टोपी घातलेला एक माणूस समोर बघत रडत होता, नाक ओढत होता, आणि एक बाई त्याला हिंदीत विश्रांती घ्यायला सांगत होती.

"बंद करा ते," मी म्हणालो.

कोणी बंद केलं नाही. पण अक्का हसत नव्हती.

"नाना गेले तेव्हा तू मांडववाल्याशी बोलत होतास, चहा सांगत होतास, पाहुणे मोजत होतास," ती म्हणाली. "डोळ्यातून टिपूस काढलं नाहीस. मला वाटलं, नाना माझे एकटीचेच गेले. मग त्या घरात येऊन मी कोणाशी बोलायचं? हा व्हिडिओ आला, पूर्ण पाहिलासुद्धा नाही मी, आधी बॅग भरली." तिने डोळे पुसले. "गधड्या, आधी नाही का रडायचंस?"

मी भरीत खाल्लं. खरंच वांगं होतं त्यात.

"पण काही म्हणा," मी आवाज साफ करून म्हणालो, "नानांनीच घडवून आणलं हे. ते गाडीत होते. माझ्याकडे पुरावा आहे." आणि मी खिशातून रुमाल काढून तो बिबडीचा तुकडा सर्वांसमोर ठेवला.

भूमिका मायकडे बघायला लागली, माय छताकडे.

"माय?" मी म्हणालो.

"बठ्ठं सांगी दे त्याले," माय भूमिकाला म्हणाली.

तर हकिगत अशी. मी कचेरीत स्कूटरवर जातो, कारण तिथे मोठी गाडी लावायला जागा नाही. गाडी दिवसभर अंगणात उन्हात उभी. वर काच, आत ऊन, धूळ नाही, कावळे नाहीत, राखण करायला कोणी बसायला नको. अशी जागा दिसल्यावर खानदेशातली कुठली बाई वाळवण गच्चीवर घालेल? उजवीकडे शेजाऱ्यांच्या निंबाची सावली येते, म्हणून सगळा माल डावीकडच्या सीटवर. बिबड्या थापतात त्या ओल्या कापडावर. खाली प्लास्टिक घातलं होतं, पण ते आखूड पडलं आणि पाणी सीटमध्ये मुरलं. गाडी बोंबलायला लागली, तेव्हा माय माझ्या शेजारीच बसली होती.

"मग सांगायचं ना तेव्हाच!"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाळवण घालू दिलं असतं का?" भूमिकाने विचारलं. "अजून कुरडया राहिल्या होत्या."

"म्हणून नानांचं नाव घेतलंत?" मी मायला म्हणालो. मला खरोखरच वाईट वाटलं होतं. "मी त्यांच्याशी एवढा बोललो. बेल्ट लावला. आणि मागे कोणी नव्हतंच!"

माय उठली. माझ्यापाशी आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"नव्हतात आसं कोन म्हनस?" ती म्हणाली. "त्यासनंच धोतर व्हतं खाले."

अक्का आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. दाजींनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि गुडघ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मी जागचा हललो नाही.

आखाजी झाल्यावर नवा सेन्सर आल्याचा तौसिफचा फोन आला. गाडी कधी आणता, त्याने विचारलं. मी घरात विचारलं तर कोणी हो म्हणेना. मग मीही बघू म्हणालो. मागचा डावा बेल्ट आता कायमचा लावलेलाच असतो.

परवा सकाळी मी कचेरीला निघत होतो. मायने आदल्या रात्रीच बजावलं होतं, "सकाय गाडी आठेच ऱ्हाऊ दे, उडीदना पापड शेत." गाडी उन्हात उभी होती, पडदा सरकवलेला, आणि दोघी सासू-सुना मागच्या दारातून आत वाकल्या होत्या. एवढ्यात भूमिकाचा मोबाईल वाजला. हात पिठाचे होते, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. शोरूममधली मुलगी होती, गाडीबद्दलचे अनुभव विचारत होती.

"मॅडम, आमचं कोणतं फीचर तुम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडलं?"

"सनरूफ," भूमिका म्हणाली.

"ओह! रोज वापरता?"

"ऊन असेल तोवर."

"आणि मॅडम, गाडी मुख्यतः कोण चालवतं?"

भूमिकाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटरला किक मारत होतो. ती सुरू होत नव्हती.

"सध्या कोणी नाही," ती म्हणाली. "पण गाडी फार चांगली आहे. दहापैकी दहा लिहा."

शेवटी स्कूटर सुरू झाली. नानांची टोपी कानापर्यंत ओढून मी निघालो. पिंप्राळ्याच्या फाटकापर्यंत डोक्यावर एक ढग नव्हता. मोईज खोटं बोलला नव्हता. आकाश दिसत होतं, बसल्या बसल्या.